शेरीफने जप्त केलेला ऑर्केस्ट्रा

ऑर्केस्ट्रावर जप्ती आली तर शेरीफ नेमकं काय उचलून नेणार? वादकांना टाळं लावता येत नाही. व्हायोलिनं, बासऱ्या, तुताऱ्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या. मग उरतात ते कागद. १८७६ साली फिलाडेल्फियात अगदी हेच झालं. थिओडोर थॉमस हा त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला कंडक्टर, मूळचा व्हायोलिनवादक. त्याच्यावर कर्ज चढलं आणि त्याची संगीताची लायब्ररी, म्हणजे छापील आणि हाताने उतरवलेल्या नोटेशनचे गठ्ठेच्या गठ्ठे, लिलावात निघाली.

वर्ष खरं तर मोठ्या थाटाचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात जंगी प्रदर्शन भरलं होतं आणि उद्घाटनाच्या संगीताची जबाबदारी थॉमसवर होती. त्या प्रसंगासाठी खुद्द रिचर्ड वागनरकडून एक मार्च लिहून घेतला होता, पाच हजार डॉलर मोजून. (या मार्चमधली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्याचे मिळालेले पैसे, असं वागनर नंतर म्हणाला म्हणे. मार्च ऐकल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.) प्रदर्शनाला लोटलेली गर्दी बघून थॉमसने त्या उन्हाळ्यात तिथेच आपल्या ऑर्केस्ट्राच्या मैफिली लावल्या. पण दिवसभर उन्हातान्हात यंत्रं आणि मंडप बघून पाय दुखलेली माणसं संध्याकाळी बेथोवन ऐकायला यायला तयार नव्हती. वादकांना कायम काम आणि कायम पगार दिला तरच ऑर्केस्ट्रा घडतो, हे थॉमसचं ठाम मत. त्यामुळे खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी पगार थांबले नाहीत. व्हायचं ते झालं.

लिलावात ती लायब्ररी एका मित्राने विकत घेतली आणि ती पुढे थॉमसच्याच घरी परत जाईल अशी तजवीज केली. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होण्याचा रस्ता थॉमसला होता, पण तो त्याने घेतला नाही. पुढे कित्येक वर्षं तो देणं फेडत राहिला.

ही हकिगत वाचल्यापासून मला त्या मित्राचं कौतुक वाटतं, आणि शेरीफचंही थोडं. कारण दोघांनाही कळलं होतं की किंमत कशात आहे. बेथोवनच्या सिंफन्या काही दुर्मीळ नव्हत्या. लाइपझिगला ब्राइटकॉफ अँड हार्टेल या संगीत प्रकाशकांना पत्र टाकलं, पैसे पाठवले, की बोटीने गठ्ठा यायचा. मग कुणा एका माणसाच्या वापरून मळलेल्या प्रतींसाठी एवढी धावपळ कशाला?

याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही, कामातून मिळालं. शिकागोजवळच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात मी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, अगदी मागच्या स्टँडवर वाजवते आणि त्याच ऑर्केस्ट्राची लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे चर्चच्या तळघरातली चार लोखंडी कपाटं. काम बिनपगारी, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे ते आपोआप चालत येतं.

बाहेरच्याला वाटतं, ऑर्केस्ट्राचं संगीत म्हणजे कंडक्टरपुढे उघडलेलं ते जाड पुस्तक. ते पुस्तक म्हणजे स्कोअर. त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, आणि ते एकच असतं. वादकापुढे असतो त्याचा पार्ट: फक्त त्याच्या वाद्याची ओळ. बेथोवनची सातवी सिंफनी घ्या. फुंकायची वाद्यं आणि टिंपनी मिळून तेरा पार्ट. तंतुवाद्यांत पहिली व्हायोलिनं सोळा, दुसरी चौदा, व्हिओला बारा, चेलो दहा, डबल बास आठ, असा भरभक्कम ताफा धरला तर साठ वादक, आणि दोघांत एक स्टँड म्हणजे तीस पार्ट. एका सिंफनीचे एकूण त्रेचाळीस पार्ट आणि वर एक स्कोअर. थॉमसच्या ताफ्यात तंतुवाद्यं इतकी नसतीलही, पण गणित हेच.

आता यात पेन्सिल आणा. छापील पार्टमध्ये स्वर असतात, लय असते, हळू-जोरात कुठे तेही असतं. पण गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर न्यायचा, हे संगीतकार क्वचितच सांगतो. ते ठरवावं लागतं. खालून उघडी चौकट काढली की गज खाली, 'व्ही' काढला की गज वर. चार स्वर एका गजात घ्यायचे की दोन-दोन करून, टोकाशी वाजवायचं की मुठीशी, गज तारेवरून उचलायचा की लावूनच ठेवायचा, या सगळ्या खुणा पेन्सिलीने होतात. याला आम्ही बोइंग म्हणतो. पहिल्या व्हायोलिनचा लीडर ते ठरवतो, बाकीच्या विभागांचे म्होरके त्याच्याशी जुळवून घेतात, आणि मग लायब्ररियन नावाचा प्राणी ती प्रत्येक खूण सगळ्या स्टँडवरच्या पार्टमध्ये उतरवतो. मऊ टूबी पेन्सिल, कारण उद्या खोडायचं असतं. शाई घेतली तर पुढची पिढी नाव घेऊन शिव्या देते.

या कामाला बसलं की जुन्या पार्टची ओळख पटायला लागते. स्टँडच्या आतल्या बाजूला बसणारा पान उलटतो, म्हणून उजवीकडचा खालचा कोपरा बोटांनी काळवंडलेला. बाहेरच्या वादकाची बोटं स्वराच्या वर लिहिलेली, आतल्याची खाली. पान उलटायच्या आधी दोनच मात्रा मोकळ्या मिळतात तिथे कुणीतरी 'व्ही.एस.' असं घाईघाईत खरडलेलं, म्हणजे लगेच उलट. कठीण जागेच्या आधी चष्म्याचं चित्र: डोळे उघड, वर बघ. आणि बोइंगच्या खुणांखाली खोडलेल्या खुणांच्या सावल्या, आधीच्या कुणा लीडरच्या.

आपल्याकडच्या व्हायोलिनवादनात हा प्रश्नच उद्भवत नाही. गजाननराव जोशी किंवा व्ही. जी. जोग यांचा गज कुठे वळतो हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही आणि लिहायचं कारणही नाही. एकटा वादक, मांडी घालून बसलेला, गळ्यातून येईल तसं हातातून काढणारा. तान लांबली तर गज लांबेल, दम हवा तिथे वळेल. भातखंड्यांच्या लिपीत बंदिशीचा स्वर आहे, मात्रा आहे, सम आहे. गजाला जागा नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे शेजारी बसून तेच वाजवणारे आणखी पंधराजण नसतात. सोळा जणांनी एका श्वासात एकच वाक्य म्हणायचं असेल तर मात्र ते कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं. दिंडीतली पावली बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको: पावलं एकत्र पडली नाहीत तर अभंग तोच असून चालत नाही.

थॉमसच्या आधी अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत ही पावलं एकत्र पडत नव्हती. गज ज्याच्या त्याच्या सवयीने वरखाली होत. सगळ्या विभागाचं बोइंग एकसारखं असावं हा आग्रह तिथे रुजवण्याचं मोठं श्रेय थॉमसला देतात. आणि हे त्याला सुचलं ते तो व्हायोलिनवाला होता म्हणून, असं माझं मत. पियानोवाला कंडक्टर ऑर्केस्ट्राकडून नाद मागतो. व्हायोलिनवाल्याला तो नाद हाताच्या कुठल्या हालचालीतून निघतो हे ठाऊक असतं.

हात त्याचे लहानपणीच तयार झाले होते. जन्म १८३५चा, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या एझेन्स गावातला. वडील गावाचे नेमलेले वादक. दहाव्या वर्षी सगळं कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि पोरगा थिएटरांत, नाचाच्या कार्यक्रमांत, मिळेल तिथे व्हायोलिन वाजवून घराला हातभार लावू लागला. चौदाच्या आसपास असताना तो एकटाच घोड्यावर बसून दक्षिणेकडे निघाला. गावात पोचायचं, हाताने लिहिलेल्या जाहिराती चिकटवायच्या, संध्याकाळी हॉटेलच्या दाराशी उभं राहून तिकिटाचे पैसे घ्यायचे, आणि माणसं बसली की आत पळत जाऊन वाजवायला सुरुवात करायची. मॅनेजर, दारवान आणि कलाकार एकाच अंगात! पुढे जन्मभर तो ऑर्केस्ट्राचा धंदाही स्वतःच सांभाळत राहिला, आणि पुन्हापुन्हा बुडाला, याचं मूळ या दौऱ्यातच असावं.

कंडक्टर तो झाला तोही असाच. ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात तो लीडर होता. एका रात्री कंडक्टर उभा राहू शकत नव्हता. हालेव्हीचा ऑपेरा, थॉमसने कधी कंडक्ट न केलेला. खरं तर ऑपेराच कधी कंडक्ट न केलेला. निरोप घरी आला, येशील का. तो गेला आणि स्कोअर उघडून उभा राहिला. मला या गोष्टीत धाडसापेक्षा दुसरंच काही दिसतं. स्कोअर पुढ्यात असला की रात्र निभावते, हे त्या माणसाला त्या दिवशी कळलं असणार. त्यानंतर तो कागद जमवतच राहिला.

१८६२ला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर पहिली ऑर्केस्ट्रा मैफल केली. १८६७ला युरोपात गेला, तिथले ऑर्केस्ट्रा ऐकले, पॅरिसला वृद्ध बर्लिओझला भेटला आणि त्याच्या 'रिक्विएम'चा स्कोअर भेट घेऊन आला. वागनर, लिस्ट, ब्राह्म्स यांचं जे जे नवं छापून येईल ते मागवायचा. वागनरची 'वाल्क्यूरींची स्वारी' त्याने १८७२ला न्यूयॉर्कच्या बागेतल्या मैफिलीत वाजवली. ती ज्यातली, ती वागनरची चार ऑपेरांची 'रिंग' जर्मनीत बायरॉइटला अख्खी उभी राहायला तेव्हा चार वर्षं होती. त्या बागेत लोक बिअर पीत, सिगार ओढत बसायचे. त्यांना वॉल्ट्झ वाजवून दाखवायचा आणि त्या दोन वॉल्ट्झच्या मधे हळूच बेथोवनच्या सिंफनीचा एखादा भाग सरकवायचा. प्रेक्षक असा घडवायला वर्षं लागतात आणि त्यासाठी हाताशी साठा लागतो. कुठल्या संध्याकाळी काय सरकवता येईल हे आयत्या वेळी ठरवायचं तर सगळंच जवळ असलं पाहिजे. भाड्याने पार्ट देणारी दुकानं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर नव्हती. लायब्ररी ज्याच्याकडे, कार्यक्रम त्याच्याकडे.

त्या बागेतली एक गोष्ट सांगतात. शुमानच्या 'ट्रॉयमेराय'चं तंतुवाद्यांसाठी केलेलं रूपांतर तिथे फार लाडकं होतं. शेवटाकडे नाद इतका बारीक होत जायचा की लोक खुर्चीवरून पुढे झुकायचे. थॉमसने वादकांना सांगून ठेवलं होतं म्हणे की अगदी शेवटी गज तारेला न लावता नुसताच चालवत राहा. आणि श्रोते शपथेवर सांगत की आम्हाला तेव्हाही ऐकू येत होतं. खरंखोटं त्या बागेला माहीत. पण ती खूण पार्टमध्ये कशी लिहिली असेल, हा माझ्यातल्या लायब्ररियनचा प्रश्न आहे.

१८६९पासून तो ऑर्केस्ट्रा घेऊन आगगाडीने गावोगाव हिंडायला लागला. न्यूयॉर्क, बोस्टन, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो, सिनसिनाटी, सेंट लुईस अशा गावांतून जाणाऱ्या या फेऱ्यांच्या वाटेला पुढे थॉमसचा हमरस्ता म्हणू लागले. बरोबर पेट्या भरभरून कागद. १८७१च्या ९ ऑक्टोबरला शिकागोच्या क्रॉस्बी ऑपेरा हाउसमध्ये त्याची मैफल होती, नव्याने रंगवून सजवलेल्या थिएटरचा मुहूर्तच तो. ऑर्केस्ट्राची गाडी शिकागोशी पोचली तेव्हा शहर जळत होतं. आदल्या रात्री लागलेली ती प्रसिद्ध आग. ऑपेरा हाउस राख झालं. मंडळी तशीच पुढे निघून गेली. काही तास आधी पोचून पेट्या थिएटरात उतरवल्या असत्या, तर पाच वर्षांनी शेरीफला लिलाव करायला फारसं काही उरलंच नसतं.

या सगळ्या वाचनात मला वारंवार आठवत राहिले ते माझे दादरचे सर. पोर्तुगीज चर्चच्या मागे एका चाळीत ते राहत. गोव्याचे, गावच्या चर्चमध्ये सोल्फेजो, म्हणजे नोटेशन बघून स्वरांच्या नावांनी गायचा सराव, घोकून मोठे झालेले. दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि संध्याकाळी आम्हा मुलांची शिकवणी. माझा गज अर्ध्यावर थांबला की म्हणायचे, "बाय, गज संपला म्हणून गाणं संपलं काय?" त्यांच्याकडून मी पहिल्यांदा ऐकलं की आपण ज्या गाण्यांवर लहानाचे मोठे झालो त्यांतला व्हायोलिनचा प्रत्येक तुकडा कुणीतरी बसून कागदावर लिहिलेला असतो. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. अरेंजर, बहुतेक गोव्याचा, त्यावर सगळ्या वाद्यांचं नोटेशन बांधायचा. कॉपी करणारे रात्र जागून पार्ट उतरवायचे. सकाळी स्टुडिओत स्टँडवर कागद लागायचे, दोन तालमी, टेक, ओके. वादकांचा हिशेब व्हायचा आणि माणसं पुढच्या स्टुडिओकडे पळायची.

"आणि नोटेशन?" मी विचारलं होतं.

"रद्दीत," सर म्हणाले. "दुसरं काय करणार? उद्या दुसरं गाणं."

त्यांच्या आवाजात खंत नव्हती, म्हणूनच ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. त्यांच्या लेखी तो कागद म्हणजे त्या दिवसाचं काम. गाणं तबकडीवर गेलं, मग कागद कशाला हवा? पण आज तेच गाणं मूळ साजात पुन्हा वाजवायचं म्हटलं की कुणीतरी कान लावून, रेकॉर्ड मागेपुढे करून, एकेक ओळ नव्याने लिहून काढतो. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी लिहिलेले ते व्हायोलिनचे झरे कानांनी उपसायचे, कारण कागद नाही.

मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट तर थॉमसच्या शेजारी ठेवण्यासारखी. तेही व्हायोलिनवादक, तेही कंडक्टर, तेही स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा करायला निघालेले. प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९५८मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभराच्या वर वादक बसवून मैफल केली, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. रागांवर आधारलेल्या त्यांच्या स्वतःच्या रचना, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी नोटेशनमध्ये लिहिलेल्या. सिनेमाच्या पैशावर जगणाऱ्या वादकांना घेऊन सिनेमाच्या बाहेरचं संगीत करायचं, हा त्यांचा उद्योग. साठच्या दशकात ते अमेरिकेत सिराक्यूजला गेले, आणि मुंबईच्या ऑर्केस्ट्राचा तो धागा तिथे तुटला. परतल्यावर गोव्यात राहिले, २०१२ला गेले. त्यांचं नाव घराघरांत पोचलं ते अंड्यातून बाहेर येऊन नाचणाऱ्या अमिताभमुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती सलामी गोड आहे, मला आवडते. पण त्या चौकात वाजलेलं संगीत आज किती जणांनी ऐकलंय? थॉमसच्या मागे मित्र उभा राहिला, पुढे एक अख्खं शहर उभं राहिलं. गोन्साल्विस यांच्या मागे उभं राहायला मुंबईत कुणी मोकळं नव्हतं. शहरात पैसा नव्हता असं मी म्हणणार नाही. तो गाण्यापुरता होता, कागदापुरता नव्हता.

मेहली मेहतांचंही नाव घ्यायला हवं. त्यांनी १९३५ला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, तेही आधी व्हायोलिनवादक. त्यांचा मुलगा झुबिन ज्या घरात वाढला तिथे क्वार्टेटच्या तालमी चालायच्या. पण मेहलीही पन्नासच्या दशकात मँचेस्टरला गेले, तिथून अमेरिकेला. मुंबईचे व्हायोलिनवाले कंडक्टर बाहेर जातात हा जणू शिरस्ताच. आज एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६पासून, आणि तिथेही सूत्रं एका व्हायोलिनवादकाच्याच हाती आली, मारात बिसेंगालिएव यांच्या. ते मात्र कझाकस्तानातून आत आले. तिथल्या लायब्ररीची कपाटं बघायची मला फार इच्छा आहे.

थॉमसला शहर मिळालं ते पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी. न्यूयॉर्कला कायमचा ऑर्केस्ट्रा उभा राहात नव्हता, बोस्टनला तो हिगिन्सन नावाच्या धनिकाने १८८१लाच काढला होता. नॉर्मन फे या शिकागोच्या उद्योजकाने त्याला विचारलं, कायमचा ऑर्केस्ट्रा दिला तर येशील? थॉमसचं उत्तर आजही शिकागोत सांगतात: कायमचा ऑर्केस्ट्रा देत असाल तर मी नरकातही येईन. १८९१ला शिकागो ऑर्केस्ट्रा सुरू झाला. थॉमस आला तेव्हा लायब्ररी बरोबर घेऊन आला, आणि म्हणून नव्या ऑर्केस्ट्राला कपाट रिकामं असण्याचे दिवस बघावे लागले नाहीत.

त्याची कागदपत्रं आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत, काही स्कोअर ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या संग्रहात. न्यूबेरी सगळ्यांना खुलं आणि फुकट. ओळखपत्र दाखवून वाचकाचं कार्ड करायचं, पिशवी बाहेर ठेवायची, आणि आत फक्त पेन्सिल न्यायची, पेनला बंदी. मला तिथे घरच्यासारखं वाटतं ते या नियमामुळे.

थॉमसबद्दल एक तक्रार मात्र आहे. तो नुसतं बोइंग लिहून थांबत नसे. जुन्या संगीतात हात घालायचा, जोर-हळूच्या खुणा बदलायचा, शोपँच्या पियानोच्या शोकयात्रेला ऑर्केस्ट्राचा साज चढवायचा. त्या काळी सगळेच करत, हे खरं. बेथोवनच्या वेळची तुतारी वेगळी होती, आजचा हॉल मोठा आहे, मग जरा मदत केली तर काय बिघडलं, असा तो युक्तिवाद. हॉल मोठा होता हेही खरं, सुरुवातीची वर्षं ज्या ऑडिटोरियममध्ये गेली तिथे चार हजारांहून जास्त माणसं बसत. तरी मला वाटतं, गज कसा ओढायचा हे लिहिणं वेगळं आणि काय म्हणायचं तेच बदलणं वेगळं. एक खूण वादकाला मदत करते, दुसरी संगीतकाराच्या तोंडी शब्द घालते. दोन्ही एकाच पेन्सिलीने लिहिल्या जातात, हीच पंचाईत. विसाव्या शतकातला अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यावर चांगला तोडगा वापरायचा: पार्टमध्ये उतरवायच्या खुणा लाल पेन्सिलीने, स्वतःसाठीच्या निळ्या. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्याचे स्कोअर इंटरनेटवर फुकट खुले केलेत. कुणीही घरबसल्या बघावेत, पानापानावर हे दोन रंग भांडताना दिसतात.

थॉमसला तो मोठा हॉल कधीच आवडला नाही. अखेर आठ हजारांवर लोकांनी वर्गणी दिली, डॅनियल बर्नहॅमने आराखडा केला आणि मिशिगन अव्हेन्यूवर ऑर्केस्ट्रा हॉल उभा राहिला. स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं ती जागा बघायला आपले लोक आर्ट इन्स्टिट्यूटला येतात आणि पायऱ्यांवर फोटो काढतात. ते बाहेर पडून रस्ता ओलांडतात तेव्हा पलीकडे थोडं खाली हाच हॉल असतो. सहसा कुणी वर बघत नाही. दर्शनी भिंतीवर थॉमसचं नाव कोरलेलं आहे. १४ डिसेंबर १९०४ला तो उघडला. थॉमस तिथे मोजक्याच मैफिली करू शकला. न्यूमोनिया झाला आणि ४ जानेवारी १९०५ला तो गेला.

त्याच्या जागी कोण, यावर बराच खल झाला. युरोपातल्या बड्या नावांची चर्चा झाली. शेवटी जागा मिळाली ती फ्रेडरिक स्टॉकला. तो १८९५पासून थॉमसच्या व्हिओला विभागात बसत होता, नंतर त्याचा मदतनीस झाला होता. दहा वर्षं त्याने त्या पेन्सिलीच्या खुणा वाचून गज ओढला होता. त्याने हा ऑर्केस्ट्रा १९४२पर्यंत, मरेपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं सांभाळला. आणि तोही बेथोवनमध्ये हात घालायचाच, थॉमसपेक्षा जास्त.